आइस्क्रीमच्या डब्यांतली मुल्टे

बर्गन, ३ मार्च

ती. यूरुनमावशीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तू बांधून दिलेला सुका मासा बोटीवरच फस्त केला. तळघरातला फ्रीझर आता कसा दिसतोय, कळव! आइस्क्रीमचे ते जुनाट डबे मी निघताना कचराकेंद्रावर प्लॅस्टिकसाठीच्या पेटीत टाकले आणि तुझी फळं जरा वितळवून नव्या काचेच्या बरण्यांत काठोकाठ भरली. यंदा घरातून प्लॅस्टिक हद्दपार करून आपला कार्बनचा भार कमी करायचा, असा माझा नेम आहे. लहानपणी तुझ्याकडे दूध किटलीतून यायचं, पाव कागदात. तेच दिवस परत आणायचेत मला. रागावली नाहीस ना?

तुझी लाडकी (असं मीच म्हणते),
मारित

आंडोया, ११ मार्च

चि. मारित हिस अनेक आशीर्वाद.

अगं बये, काठोकाठ भरलेली बरणी गोठली की फुटते, एवढंही ठाऊक नाही? सगळ्या तडकल्या. फळांत काचांचा चुरा, सगळं टाकून द्यावं लागलं. ते डबे मी तुझ्या आईच्या लग्नापासून धुऊन वापरत होते, आणि तू नव्या बरण्या आणून पृथ्वी वाचवतेस! डबा उघडून आइस्क्रीमऐवजी माशाचे गोळे निघाले की तू भोकाड पसरायचीस, आठवतं? काका पोट धरून हसायचे.

डब्यांचं जाऊ दे. त्यांतली ती केशरी मुल्टे तुझ्या ओडवारकाकांनी दलदलीतून वेचून आणलेली शेवटची. ते गेल्यापासून मी एकही तोंडात घातलं नव्हतं, फ्रीझर उघडून नुसती बघायचे. ते ती कुठून वेचायचे, ती जागा मलाही माहीत नाही. मुल्टांची जागा इथे कुणी बायकोलासुद्धा सांगत नाही, हे तू जाणतेसच. आता ती चव कायमची गेली. तुझ्यावर ओरडायला बसले होते, पण रडूच आलं गं.

राग आहे, मायाही आहे. पत्र पाठव.
मावशी

बर्गन, १९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कुठल्या तोंडानं क्षमा मागू? मी नुसतं प्लॅस्टिक बघत बसले, आतली फळं कुणी वेचलेली, ते तुला विचारलंसुद्धा नाही.

आता एक सांगायलाच हवं. मी शाळेत असताना काकांनी मला ती जागा दाखवली होती. कुणाला सांगायची नाही, मावशीला तर मुळीच नाही, अशी शपथ घालून. ती मोडवत नाही गं. पण न सांगता नेता तर येईल! ऑगस्टमध्ये येते आणि डोळ्यांवर रुमाल बांधून तुला घेऊन जाते. गुडघ्यांची सबब चालणार नाही.

चुकले, पदरात घे.
मारित

आंडोया, २७ मार्च

चि. मारित हिस आशीर्वाद.

वा रे आमचे हे! बायकोला ताकास तूर लागू दिली नाही, आणि पोरीला नेऊन दाखवलं! असा जळफळाट झाला माझा, की त्यांच्या फोटोशी बोलणंच टाकलं. काल मात्र भांडी घासताना एकटीच खदखदून हसत सुटले. ते गेल्यापासून पहिल्यांदाच हसले गं.

ये. रुमाल चांगला जाड आण. मी चोरून बघणार नाही, असा माझा माझ्यावर भरवसा नाही, आणि त्यांची शपथ मोडायला नको.

वाटेकडे डोळे लावून,
मावशी