घरातला मुख्य माणूस

४ मार्च, मंगळवार
आज कॉलेजातली मुलगी आली. तेजस्वी नाव. घरोघरच्या पाहणीचे कागद भरायला. घरातला मुख्य माणूस काय काम करतो? म्हटलं, नवरा. सर्वेश. जहाजावर आहे.
— जहाजावर काय? पोस्ट काय?
मला सांगताच येईना!
ती म्हणाली, ताई, कॅप्टन वेगळ्या गटात, इंजिनवाले वेगळ्या, खलाशी वेगळ्या. सात गट आहेत. कामावरून माणसं लावायची. मी विचारलं, मग मी कुठल्या गटात? — नवऱ्याच्या.
मी काजूच्या फॅक्टरीत बी फोडते ते तिनं विचारलंच नाही. मीपण सांगितलं नाही.
पुढच्या शनिवारी परत येते, म्हणाली. विचारून ठेवा.

५ मार्च
लग्नाला चार वर्षं झाली. नवरा काय काम करतो ठाऊक नाही — असं कोण असतं? सासूला विचारलं. "जहाजावर हाय म्हंजे जहाजावर हाय. पोस्ट कशाला गो पायजे? तू काय जाऊन सुकाणू धरणार हायस?"
बीचा चीक लागून बोटं सोलली. पेन धरवत नाही.

८ मार्च
सर्वेशचा फोन आला. पोस्ट विचारली. एकदम ओरडला, "कोण विचारतंय? कागदबिगद भरू नको!" मागे कावळे ओरडत होते.
भर समुद्रात कावळे?

९ मार्च
बंदराला लागलं असेल जहाज. असेल.

११ मार्च
आज मीच फोन लावला. उचलला. मी बोलायच्या आधी मागून कोण बाई — "ओ वॉचमन, गेट उघडा ना!" आणि कट.
जहाजाला गेट?
कधीपासून? कुठे? दुसरी कोण आहे का तिथे? येणार का परत? काही कळत नाही. लेक सानवी रोज समुद्राकडे बघून बाबाला टाटा करते. कुणाला करते ती!
सासूला कसं सांगू? गावभर सांगते, माझा पोरगा जहाजावर. ऐकून मरेल म्हातारी.

१३ मार्च
होळी. सगळे चाकरमानी आले. शेजारची मैना म्हणाली, "तुझ्या जहाजवाल्याला शिमग्याला पण सुट्टी नाय?" मी हसले.
कागदावर खोटं लिहिलं तर पकडतात का? खरं लिहिलं तर गावाला कळणार. मग मी तोंड कुठे दाखवू?

१५ मार्च, शनिवार
तेजस्वी आली. सासू पडवीत सुकट निवडत होती. "हां ताई, मुख्य माणूस — काम?"
सासूनं मान वर केली नाही. म्हणाली, "सर्वेशचा नाव खोड. ही लिव. दर्शना. काजू फोडते."
— आणि जहाज? तेजस्वीनं विचारलं.
"लग्नाच्या पयल्याच वर्षी उतरला तो."
मग माझ्याकडे बघून — "तुझ्यासाठीच सांगत फिरले गो."