दोन सायकलींचा अहवाल

प्रिय आई,

आणि हे पत्र तुला वाचून दाखवणारे शिंपीकाका, तुम्हालाही नमस्कार. काका, अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलंय, सांभाळून घ्या. मध्येच थांबून "पुढे काय लिहिलं असेल, सांग बघू" असा खेळ या खेपेला नको. आईला सलग ऐकू द्या.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, आवाज असा का येतोय. मी म्हटलं, सर्दी आहे. सर्दी नव्हती. चार दिवस झाले, मी एका कागदासमोर बसते, उठते, पाणी पिते, खिडकी लावते, उघडते, पुन्हा बसते. शेजारच्या खोलीतली नर्स तर म्हणाली, "अगं, कागद आहे का अंडं, किती वेळ बसशील?" कागद तसा साधाच. डोंगरातल्या वाटा तपासणाऱ्या आम्हा चौघांना ऑफिस नव्या सायकली देणार आहे. दोन प्रकारच्या सायकली महिनाभर वापरून बघायच्या आणि कुठली घ्यावी ते एकाने लिहून द्यायचं. साहेब म्हणाले, "तू लिही. तुझ्या लिहिण्यात खोट नसते." तेव्हा मी फुगले होते. सोमवारी सकाळी अहवाल द्यायचा आहे.

तुला नीट सांगते. एका सायकलीला फक्त पुढच्या चाकावर दणके गिळणारा शॉकअप असतो, मागचं चाक सांगाड्याला सरळ जोडलेलं. तिला हार्डटेल म्हणतात. हलकी, चढाला बरी, बिघडायला फारसं काही नाही. पण उतारावर प्रत्येक दगड कमरेला येऊन भेटतो. दुसरीला पुढे शॉकअप आणि मागेही. ती फुल सस्पेन्शन. तिच्यावर बसलं की वाट जणू कुणी इस्त्री करून ठेवलीय. बाकीच्या तिघांना तीच हवी. आमच्यातले थोरले, त्यांना सगळे आजोबाच म्हणतात, रोज येऊन विचारतात, "काय मॅडम, आमच्या मणक्यांचा निकाल लागला का?" त्यांचं दुखणं खोटं नाही. संध्याकाळी भिंतीला टेकून बूट काढतात, मी पाहते. मी "फुल" एवढंच लिहिलं तर सगळे खूश होतील आणि मला कुणी काही विचारणार नाही.

मग लिहीत का नाहीस, असं तू म्हणशील. आई, आमच्या एका वाटेखालून पाणी जातं, त्या मोरीच्या वरच्या वळणावर डाक वाटणारी बाई पडली. कडेचा दगड पायाखाली फिरला, घोटा मोडला. तीन महिने तरी ती चालणार नाही. आठवडाभर आधी त्या मोरीवर मजूर बायकांची गँग कामाला होती, म्हणून ठपका गँगवर आला. गँगची मुकादम तुझ्याच वयाची असेल. हातांना तसेच घट्टे, आणि बोलताना तुझ्यासारखीच ती साहेबांकडे न बघता जमिनीकडे बघते. ती म्हणाली, "आम्ही आलो तेव्हाच तो दगड हलत होता, साहेब. आम्हाला फक्त मोरीचं काम दिलं होतं." साहेबांनी आमची वाटा तपासल्याची नोंदवही उघडली. गँग यायच्या दोन दिवस आधीच्या पानावर, त्या वळणासमोर "ठीक" लिहिलेलं. साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्हीच हलवलात. आणि हे लिहिणारी काही ऐरीगैरी नाही." मी तिथेच कपाटाशी उभी होते. मुकादमबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. हिला तरी माहीत असेल, असं काहीतरी तिच्या नजरेत होतं.

मला माहीत नाही, आई. तेच तर आहे. प्रत्येक वळणावर उतरायचं, कडेच्या दगडावर पाय देऊन बघायचं आणि मगच लिहायचं, असा नियम आहे. दोन वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता. आजोबा त्यावरून मला चिडवतातसुद्धा. त्या दिवशी माझ्याकडे दोन शॉकअपवाली होती. वाट इतकी मऊ लागत होती की मला काही म्हणजे काही जाणवलं नाही. आणि जाणवलं नाही म्हणून मी उतरले नाही, तसंच "ठीक" लिहून टाकलं. लोक अंगचोरपणाला पाट्या टाकणं म्हणतात. तू वीस वर्षं खरोखरच्या, मातीच्या पाट्या टाकल्यास, उन्हातान्हात, आणि एकही उगाच टाकली नाहीस. आपल्या घरातली पहिली शाळेत गेलेली मी. मी शिकून, पेनाने पाट्या टाकल्या.

काल दुसऱ्या एका वाटेवर एक हलता दगड शोधून काढला आणि दोन्ही सायकली त्याच्यावरून नेल्या. हार्डटेलने असा दणका दिला की जीभ चावली. दुसरीवर काहीच कळलं नाही. म्हणजे आमच्या कामाला हार्डटेलच बरी. कमरेला त्रास होईल, पण वाट आपली तक्रार सांगेल. मात्र तसं लिहिलं की कारण लिहावं लागेल, आणि कारण लिहायचं तर वळण, तारीख, "ठीक", सगळं आलं. सायकलीवर ढकलून मोकळं होता येत नाही. सायकलीने मला उतरू नको असं थोडंच सांगितलं होतं? माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. साहेब मला ठेवतील की नाही, सांगता येत नाही. मी लिहिलं नाही तर मुकादमबाई आणि तिच्या सहा जणी साहेबांनी ठरवल्याप्रमाणे मंगळवारपासून काम जाऊन घरी बसतील, हे मात्र नक्की.

फोनवर सांगितलं असतं तर तू "बरं बरं, होतं असं" म्हणाली असतीस, आणि तेवढ्यानेही मी विरघळले असते. आणि मनातच ठेवलं तर सोमवारपर्यंत मी स्वतःला काहीतरी पटवून देईन. मला पटवता येतं, तेवढं मी शिकलेय. म्हणून अहवालाच्या आधी तुला लिहिलं. तुला एकदा हे कळलं की अहवालात दुसरं काही लिहून मी तुझ्यासमोर उभी राहू शकणार नाही. टपालपेटी दोन इमारती सोडून आहे. चप्पल घालते आणि टाकून येते, मग कागदावर पहिली ओळ लिहीन.

तुझीच,
धाकटी