न केलेला हज

१७ डिसेंबर, बुधवार

पोचले!

आणि पोचल्या पोचल्या हा प्रकार. आमच्या गल्लीत वळले तर डाव्या हाताला एक ताजी रंगवलेली भिंत. मधोमध काबा, वर विमान, कोपऱ्यात तलवार घेतलेला सिंह, दोन खजुराची झाडं. दोन महिने मी दुसरं केलं काय? पाय आपोआप ब्रेकवर गेला. उतरले, कॅमेरा काढला, उजेड बरा होता म्हणून एक फोटो घेतलासुद्धा. विमान काबापेक्षा मोठं काढलंय, मूर्खपणा— असं मनात म्हणतेय तोवर खालची अक्षरं वाचली.

'हाजीबाई इन्शिराह. हज कबूल झाला, पापं माफ झाली.'

इन्शिराह म्हणजे मी. भिंत म्हणजे आमची. कुठला हज? मी मिन्यापासून अस्वानपर्यंत नाईलच्या दोन्ही काठांनी फियाट हाकत होते! गावोगावच्या हाजींच्या घरांवरची अशीच चित्रं टिपत. मातीच्या भिंती पडतायत, त्यांच्या जागी सिमेंट उभं राहतंय, रंगवणारे हात म्हातारे झालेत. परदेशी लोक येऊन फोटो काढून नेतात आणि आपण त्यावर फरशा चिकटवतो! म्हणून गेले. टायर दोनदा फुटला, दोन्ही वेळा मीच बदलला. चौकी-चौकीवर तोच प्रश्न— 'बाई, सोबत कोण आहे?' 'कॅमेरा आहे. त्याचे कागद बघायचेत का?' मागच्या सीटवर चार खोकी भरून फोटो घेऊन आलेय. राणीसारखी परत येत होते. आणि हे.

फिक्री दारातच होता. माझा धाकटा भाऊ. बियाण्याचं आणि चाऱ्याचं दुकान चालवतो, घरात आम्ही दोघंच. नवा कोरा गलाबिया अंगात, हात पसरलेले, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात— "आल्या! हाजीबाई आल्या!" आणि मिठी मारताना कानाशी— "तोंड उघडू नकोस. आत चल. सांगतो."

तोंड उघडू नकोस! मला!

संध्याकाळी

सांगितलं त्याने. बेशरम.

"लोक विचारायला लागले, इन्शिराह. काय सांगू? साठी उलटलेली माझी बहीण एकटी गाडी घेऊन भिंतींचे फोटो काढत फिरतेय?"

"हो. तेच. मी तुला तसंच सांगून गेले होते."

"त्यात हजचे दिवस, बकरी ईद आली. ईदला घरची बाई घरात नाही! मटणाचे वाटे मी घातले— मी! शेजारीपाजारी बघत होते. कुणीतरी म्हणालं, इन्शिराहबाई हजला गेल्या असतील. मी नुसती मान हलवली."

"आणि मान हलवल्यावर विमान पडलं बाहेर? रंगासकट?"

"तो अय्याद आपणहून आला. हाजी परतायच्या आत भिंत रंगवायचीच असते. नको कसं म्हणणार? नको म्हटलं असतं तर संशय आला नसता?"

चोराची ही अक्कल बघा. मी चौतीस वर्षं सरकारी इस्पितळात एक्स-रे काढले. आमच्या अर्ध्या इस्ना गावाच्या फासळ्या मी आतून पाहिल्यात. त्यांच्यापुढे मी तोंड लपवायचं म्हणे!

जेवणात उन्हात फुगवलेली भाकरी आणि मुलुखियाची भाजी होती. त्याने स्वतः केलेली. चांगली झाली होती. सांगितलं नाही त्याला.

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळीच अय्यादच्या घरी गेले. म्हटलं, चुन्याची बादली घे आणि चल, भिंत पांढरी करायची आहे. त्याने हातातला चहा खाली ठेवला.

"काबावर चुना? बाई, माझे हात झडतील!"

"मी मारते. बादली दे."

"बादलीही देणार नाही. बाई, जगात मी काहीही पुसीन. एकदा बायकोच्या माहेरच्या घराचं चित्र पुसलंय. पण काबा पुसणारा या गावात मिळायचा नाही."

खरंच मिळाला नाही. बाजारात दोन रंगाऱ्यांना विचारलं, दोघांनी कानाला हात लावले. मशिदीच्या इमामांना गाठलं, तर ते म्हणाले, "हाजीबाई, उन्हापावसाने वर्षभरात जाईल आपोआप." इथे पाऊस कधी पडलाय? आणि हाजीबाई! मी म्हटलं, मी हजला गेलेच नव्हते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज उतरवला. "मग तर अजिबात पुसू नका. भावाची अब्रू आहे."

भावाची अब्रू! आणि मी काय गाळ आहे? दोन महिने मी जे केलं ते लपवायची गोष्ट, आणि जे केलं नाही ते भिंतीवर! माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रवास, त्यावर माझ्याच भावाने देवाचं झाकण घातलंय. आणि झाकण असं, की उचलायला कुणी धजत नाही.

दुपारी

आता हद्द झाली.

तहानी आली होती, शेजारची. हाताचे, कपाळाचे पापे घेतले. म्हणाली, "माझ्या मुलीसाठी दुआ मागितलीत ना? लग्नाला सहा वर्षं झाली हो बाई, कूस अजून रिकामी. झमझमचं घोटभर पाणी द्या, तेवढ्यासाठी जीव अडकलाय तिचा." मी काही बोलायच्या आत फिक्री आतून म्हणतो, "उद्या ये, उद्या. उद्या सगळ्यांना देणार आहोत."

ती गेल्यावर मी न्हाणीत गेले. बादलीशेजारी ओळीने छोट्या बाटल्या. झाकणाला हिरव्या फिती.

"हे काय आहे?"

"पाणी."

"कुठलं?"

तो फिती सरळ करत बसला.

"फिक्री, कुठलं पाणी?"

"...नळाचं."

नळाचं! त्या पोरीला हा नळाचं पाणी पाजणार होता, मक्केचं म्हणून! सगळ्या बाटल्या अंगणातल्या लिंबाच्या मुळाशी ओतल्या. तो बघत उभा राहिला. एकदाच म्हणाला, "उद्या बायका येतील, इन्शिराह. तू काही बोललीस तर मी दुकानात कसा बसू?"

मी म्हटलं, "खुर्चीवर."

मग वाईटही वाटलं थोडं. पण बाटल्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं! सगळं सांगितलं!

नमाजनंतर बायका आल्या. ओसरी भरली, पायरी भरली. मी जास्वंदीचं सरबत फिरवलं. फिक्री पुरुषांबरोबर बाहेरच्या बाकावर होता, दार उघडं. एकेक जण पुढे येऊन म्हणत होती, कबूल झाला हं हज, आमचंही नशीब उघडो. तहानी रिकामी बाटली घेऊन आलेली. ती बाटली बघितली आणि मी उभी राहिले. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर ओर्सोला सांगायच्या— कबुली द्यायची तर हात पाठीमागे, मान ताठ, आणि सगळ्यात वाईट वाक्य सगळ्यात आधी. तसंच केलं.

"मी हजला गेले नव्हते. मक्का मी आजवर पाहिलेली नाही. तहानी, झमझमचं पाणी माझ्याकडे नाही, आणि जे होतं ते नळाचं होतं."

एक्स-रेच्या खोलीत 'श्वास धरा' म्हटल्यावर होते तशी शांतता.

"मग होतात कुठे?" तहानीने विचारलं. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"रस्त्यावर. गाडी घेऊन. एकटी. हाजींच्या घरांवरच्या चित्रांचे फोटो काढत."

मग फुटलं. "दोन महिने भिंती बघत होतात? घरात कमी पडल्या का?" "आणि झोपायच्या कुठे? गाडीत?" "आम्ही पापे घेतले हो हिच्या हाताचे, परत द्या म्हणावं!" एक तर म्हणाली, "पापं माफ झाली लिहिलंय बाहेर, ती परत घ्यावी लागतील." ही कोपरखळी मात्र मला आवडली. तहानी उठून निघाली. बाहेरच्या बाकावरून एक बाप्या ओरडला, "फिक्री, विमान परत पाठव रे!" आणि हसण्याचा गदारोळ. दारातून मला दिसलं— फिक्री उठला, कुणाकडे न बघता गल्लीतून चालत गेला.

मी मात्र खोकं आणलं आणि उघडलं. हसता आहात ना, मग काय बघून हसता ते तरी बघा! फोटो हातोहात फिरले. आधी थट्टाच. "हा उंट की गाढव?" "या हाजीला मान नाही का?"

मग बहिया खालांनी, सगळ्या गल्लीच्या मावशी त्या, एक फोटो डोळ्यांजवळ नेला. ऐंशीच्या पुढच्या आहेत, फर्शूतकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथे आल्या.

"हे जहाज," त्या म्हणाल्या, "याला तीन धुरांडी आहेत."

"हो खाला. तीन आहेत."

"खऱ्या जहाजाला दोन होती. बाबा म्हणाले, तिसरं माझ्या मुलीसाठी काढ. मी रडत होते ना, मला नेलं नाही म्हणून." त्यांनी बोट ठेवलं. "तिसऱ्या धुरांड्यापाशी ही छोटी उभी आहे. ही मीच."

मी तो फोटो काढला तेव्हा ती छोटी मला दिसलीच नव्हती. आणि खालांना हे सांगितलं नाही, की त्या घराच्या दाराशी विटांचा ढीग येऊन पडला होता आणि मालक मला म्हणाला होता, लवकर काढा बाई, उद्या पाडतोय.

फोटो त्यांना दिला. त्यांनी तो घेतला, माझा हात ओढला आणि त्याच हाताचा पापा घेतला. सगळ्यांदेखत.

"परत देऊ नकोस हा," म्हणाल्या.

त्यानंतर जी झुंबड उडाली! माझ्या माहेरचा आहे का, माझ्या मामाचा, आमच्या गिर्गाच्या घराचा? गावांची नावं घातलेली चारही खोकी जमिनीवर. सरबत संपलं, चहा झाला, चहा संपला. दाराबाहेर पोचलेली तहानी परत आली, दंड धरून मला म्हणाली, "तुमच्या जिभेला हाड नाही, बाई."

"नाही."

"पण नळाचं पाजलं नाहीत. देव भलं करो." आणि खाली बसून सोहागचं खोकं चाळायला लागली.

मी जिंकले. मी जिंकले! कितीतरी वर्षांत एवढी आनंदात नव्हते.

फिक्री जेवायला आला नाही.

२० डिसेंबर, शनिवार

फिक्री बोलत नाही. डबासुद्धा स्वतःच भरून घेऊन गेला.

२१ डिसेंबर, रविवार

अय्याद आपणहून हजर! गावभर गोष्ट झालीय, त्याला झोप लागेना म्हणे. "काबा पुसायचा नाही बाई, पण तुमचं नाव पुसायला काय हरकत? नावात कुठे पावित्र्य आहे?" माझ्या नावात पावित्र्य नाही, हे तोंडावर सांगून त्याने 'हाजीबाई इन्शिराह' खरवडून काढलं. कामाचा माणूस आहे.

"मग काबा कुणाचा?" मी विचारलं.

"ज्याला जायचंय त्याचा. राहू द्या."

पटलं. मग म्हटलं, दाराच्या उजवीकडची भिंत कोरी आहे, तिथे माझी फियाट काढ. तो आनंदाने वेडा झाला. एवढ्या वर्षांत विमानं आणि जहाजं काढून कंटाळला होता बिचारा. नदी काढली, रस्ता काढला, खिडकीतून बाहेर आलेला माझा हात आणि हातात कॅमेरा. कॅमेरा चाकाएवढा.

"शेजारच्या सीटवर कोण बसवू? रिकामी बरी दिसत नाही."

"कोणी नव्हतं."

"एखादा पुतण्या तरी?"

"अय्याद!"

"बरं, बरं. रिकामी."

खाली लिहून घेतलं— 'इन्शिराह. एकटी गेली. एकटी आली.' पापांबद्दल काही लिहायचं नाही, असं बजावलं.

गल्ली बघायला जमली होती. दुपारी फिक्री दुकानातून आला, चित्रासमोर थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते, मीसुद्धा. तो चपला काढून आत गेला. त्याने निदान भांडावं तरी! माझं वाक्य तयार होतं. असं न वापरलेलं वाक्य पोटात कुजतं.

२३ डिसेंबर, मंगळवार

इमामांची बायको मागच्या दाराने आली! आजोबांची भिंत नकादा गावात आहे, फोटो काढून आणाल का म्हणते. नवऱ्याला सांगू नका म्हणते. मी म्हटलं, मी पुढच्या दाराने जाते, पुढच्या दाराने येते. तिने विचार केला आणि जाताना पुढच्या दाराने गेली. बहिया खालांनी फोटो चौकटीत बसवला. लोक आता गाडी बघायला थांबतात— भिंतीवरचीही आणि खरीही.

सगळं गाव येऊन फोटो बघून गेलं. एक माणूस सोडून, आणि तो याच घरात राहतो. मी तोंडघशी पाडलं त्याला, मान्य आहे. पण मी त्या पोरीला नळाचं पाणी पाजायला हवं होतं का? तो नुसता भाकरी मोडतो, उठतो, जातो. मला त्याची माफी नकोय. एकदा खोकं उघडून बघ, एवढंच.

२४ डिसेंबर, बुधवार

कूस गावच्या खोक्यातल्या फोटोंवर भुशाची धूळ. आमच्या घरात भुसा अंगावर घेऊन येणारा एकच आहे. काही बोलले नाही. (मी!)

२५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी पेट्रोल भरायला म्हणून गाडीचं दार उघडलं, तर शेजारच्या सीटवर फिक्री. धुतलेला गलाबिया, दाढी केलेली, मांडीवर कूसचं खोकं.

"तुझी एक भिंत राहिली," म्हणाला. आठवड्यातलं पहिलं वाक्य.

"कूसमध्ये? दोन दिवस होते मी तिथे. एकही सोडलेली नाही."

"मागच्या गल्लीत आहे. नईमाच्या घराची. बाहेरच्याला सापडायची नाही."

"तुला कशी सापडली?"

"बियाणं आणायला जातो ना मी दर वर्षी."

"बियाण्याचा बाजार नदीच्या बाजूला आहे, फिक्री. आणि ही नईमा कोण?"

"चालव."

जन्मभर लग्नाचा विषय काढला की ताटावरून उठणारा माझा भाऊ! कान लालबुंद.

पेट्रोलपंपावर लिहितेय. तो हॉर्न वाजवतोय.