डावा बॅक, पाच फूट दोन

मास्तर,

तुमच्या नावानं स्मरणिका निघतेय. बोर्डिंगातली जुनी पोरं, म्हणजे आता सगळे गुडघे धरून उठणारे म्हातारे, गेल्या आठवड्यात सांगलीला माझ्याकडं आले होते. "मास्तरांच्या आठवणी लिहा, दोन पानं, गोड लिहा," म्हणाले. चहा पाजला आणि हो म्हणून बसलो. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, धंद्यात ते बरंही पडतं. पण लिहायला बसलो तर गोड काही सुचेना. म्हणून जे सुचतंय ते आधी तुम्हालाच लिहितो. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तुमच्या मयताला मी आलो नाही. बातमी आली त्या संध्याकाळी मी घरी जिलेबी घेऊन गेलो. बायको म्हणाली, "आज काय विशेष?" म्हटलं, "काही नाही, गरम दिसली." एकट्यानं पावशेर खाल्ली.

तुमची ती मापाची काठी मला अजून दिसते. सरळ बांबू, त्यावर तापल्या सळईनं पाडलेल्या खुणा. फौजेतून हवालदार होऊन आलात ते ती काठी आणि छाती मोजायची फीत घेऊन, आणि साताऱ्यातल्या आमच्या बोर्डिंगात ड्रिलमास्तर झालात. दुसरी मोठी लढाई चालू होती, धान्य मोजून मिळत होतं, पण फुटबॉल तुम्ही बंद पडू दिला नाही, एवढं मान्य करतो. संघ निवडायचा दिवस म्हणजे भरतीच. पोरं रांगेत उभी, छाती फुगवून, श्वास धरून. तुमचा नियम होता: गोलच्या पुढं जे दोन बॅक उभे राहतात ते पाच फूट सातच्या वर पाहिजेत, आणि अंगानं जाड पाहिजेत. मी माणदेशातला. लहानपणापासून मेंढरांमागं पळालेला, अंगानं आखूड आणि पायात घट्ट. मला बॅकच व्हायचं होतं, कारण मेंढरू फुटून कुठं जाणार हे मला ते फुटायच्या आधी कळायचं, आणि फॉरवर्डचं काही वेगळं नसतं. त्या दिवसासाठी मी दोन महिने केस कापले नव्हते. तुम्ही काठीला आडवी पट्टी लावून ते केस दाबलेत आणि मोठ्यानं म्हणालात, "पाच फूट दोन. कुठं खेळायचं रं तुला?"

"बॅक, मास्तर."

"बॅक?" तुम्ही रांगेकडं वळलात. "आरं, बॅक म्हंजे भिंत. तू तर उंबरा हायस. लोक वलांडून जात्याल तुला. जा, सैपाकघरात पीठ मळायला मानूस कमी हाय."

रांग हसली. तुम्ही हसला नाहीत. चेष्टा केली असतीत तर मी विसरलो असतो, पण तुम्ही माप सांगितलंत, आणि माप सांगून माणसाला घरी पाठवायची तुमची सवय होती. पुढचं वर्षभर मी बोर्डिंगात 'उंबरा' झालो. स्वयंपाकघराची खिडकी मैदानावर उघडायची. मी ज्वारीचं पीठ मळतोय, धूर डोळ्यांत जातोय, काही दिसत नाही, आणि बाहेर तुमचा आवाज: आत घे, बाहेर काढ, मागं दे. मैदान मी कानानं बघायला शिकलो ते तिथं. दोन्ही बॅकांना रोज संध्याकाळी तांब्याभर दूध असायचं. ते तापवून न्यायचं काम माझं.

आणि बॅक तरी कोण निवडलेत तुम्ही? तालमीतले दोन पैलवान. पाचगणीच्या शाळेची पोरं खेळायला आली तो दिवस आठवतो का? गोरीगोमटी, बूट घातलेली, पायात चेंडू बांधल्यासारखी पळणारी. पहिला फॉरवर्ड आत घुसला, तसा तुमच्या उजव्या पैलवानानं त्याच्या कमरेला हात घातला, उचलला, पाठीवर आपटला, आणि छातीवर गुडघा देऊन लोकांकडं बघत बसला. लोकांनीही शिट्ट्या मारल्या, कुणी तरी पटका उडवला. साताऱ्याच्या लोकांना ते रीतसर वाटलं. रेफरीनं पेनल्टी दिली, तर तुम्ही लाल झालात, "ह्याला खेळ कळत न्हाई." मी खिडकीत एकटा हसत होतो. तुम्ही हरलात. त्या संध्याकाळी दूध घेऊन आलो तेव्हा सगळा धीर गोळा करून म्हटलं, "मास्तर, एकदा मला हुबं करून बघा." तुम्ही मान वर केली नाहीत. म्हणालात, "सांडंल. नीट धर."

बस, एवढंच. पण मॅट्रिक न देता मी बोर्डिंग सोडलं ते त्या तीन शब्दांपायी. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायची, असल्या गाडीनं सांगलीला पोचलो. हळदीच्या बाजारात मला पहिल्याच दिवशी काम मिळालं, आणि कशामुळं मिळालं ऐका: मी आखूड होतो म्हणून. हळद जमिनीतल्या पेवांत साठवतात. पेवाचं तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही म्हणजे खालची हवा बरी, मग माणूस सोडायचा. धिप्पाड हमाल वर दोर धरून आणि मी खाली अंधारात पाट्या भरतोय. खाली दिसत काहीच नाही. वरून कोण काय म्हणतोय, दोर कुठं घासतोय, पाटी कुठून येतेय, सगळं ऐकूनच. माझे कान तिखट आहेत असं लोक आज म्हणतात, बाजारात भाव फुटायच्या आधी मला ऐकू येतो म्हणतात. ते शिक्षण तुमच्या स्वयंपाकघरात सुरू झालं आणि पेवात पुरं झालं.

बाजाराचा एक संघ होता, हमाल-तोलारांचा. त्याचा कप्तान बाजाराच्या तोंडाशी भांड्यांना कल्हई करायचा. उंच, सडसडीत, हात कायम काळे. सगळे त्याला भाई म्हणत, मीही भाईच म्हणे. तो उजवा बॅक. मला संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसलेला बघून एकदा म्हणाला, "नुसता बघतूस काय गड्या? खेळत न्हाईस?"

मी तुमचं सगळं सांगितलं. भिंत, उंबरा, पाच फूट दोन.

भाई हसला. "भिंतीला पाय असत्यात व्हय रं? हे बघ. मी उंच हाय, वरचा चेंडू माझा. दोन्ही बॅक उंच ठेवलं की दोघंबी आभाळाकडं बघत्यात आन चेंडू खालनं जातो. मला वळाया बैलगाडीएवढी जागा लागती. तू ताटाएवढ्या जागंत वळशील. खालचा मानूस तुझा. डावीकडं हुबा ऱ्हा."

"आन अंगावर आला तर? मी आडवा हुईन की."

"अंगाला अंग लावूच नगंस. तू हलका हायस, हे त्याला ठावं हाय, त्यो धडकायलाच येनार. तू अर्धं पाऊल आत हुबा ऱ्हा आन त्याला कडंची वाट दाव. कडंला गेला की मैदान संपतं. मग त्यो कुठं जातोय?"

मास्तर, तुमच्या सगळ्या खुणांपेक्षा त्या कल्हईवाल्याचं हे बोलणं जास्त मापाचं होतं. एकाची उंची मोजून बॅक ठरत नाही. शेजारी कोण उभा आहे ते बघून ठरतो. हे तुम्हाला फौजेत कुणी सांगितलं नाही, आणि तुम्ही कुणाला विचारलं नाहीत.

दोन वर्षांनी तुमचा संघ सांगलीला आला. नदीकडचं मैदान, उन्हानं दगड झालेलं. आम्ही अनवाणी, कानापर्यंत पिवळे. हळद धुऊन जात नाही. तुम्ही कडेला काठी घेऊन उभे. मला बघितलंत, ओळखलंत, आणि शिट्टी होताच तुमचा परेडीचा आवाज आला, "उजवीकडनं घाला रं! तिकडं त्यो उंबरा हाय!" तुमची उजवी म्हणजे माझी डावी.

आता जे सांगतो ते तुम्हाला मरेपर्यंत कळलं नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. तुमच्या पोरांना तुम्ही फौजेसारखं घडवलं होतं: आधी हुकूम, मग पाऊल. "आत घे!" म्हणालात की पोरगं आत घेणार, पण म्हटल्यावर. हुकूम आणि पाऊल यांच्यात एक श्वासभर वेळ जायचा. तेवढ्यात मी तिथं जाऊन उभा. "बाहेरनं काढ!" मी बाहेर. "थांब, मागं दे!" मी पुढं सरकून तो मागचा चेंडूच काढून घेतला. तुमचा आवाज मला वर्षभराच्या पिठाच्या वासासकट पाठ होता. कुठल्या सुरात 'घाल' म्हटलं की सरळ आणि कुठल्या सुरात म्हटलं की तिरकं, हे तुमच्या फॉरवर्डाआधी मला कळायचं. आणि तुम्ही काय केलंत? चेंडू अडला की दुप्पट ओरडलात आणि पुन्हा माझ्याच बाजूनं घातलात. भाईकडं, मधे, कुठंही घातला असतात तर चाललं असतं. पण तिथं बुटका होता ना, मग तिथंच भोक असलं पाहिजे! त्या दिवशी तुमच्या अकरा पोरांपेक्षा तुमचे हुकूम मी जास्त चांगले पाळले. दोन गोल आम्ही टाकले. सामना संपल्यावर भाईनं मला खांद्यावर घेतलं. तो म्हणाला, "वरनं कसं दिसतंय?" मी म्हटलं, "मास्तर लय बारके दिसत्यात."

मग तुम्ही आलात. मला वाटलं, काही तरी बोलतील. तुम्ही मला गोलच्या खांबाला टेकवलंत आणि काठी लावलीत. सगळ्यांसमोर. "पाच फूट दोनच हाय की," म्हणालात, आणि माझ्याकडं बघायचं सोडून त्या काठीकडं बघितलंत, जणू तिनं दगा दिला. मग मला म्हणालात, "बॅक न्हवंस तू. तुझं नशीब बॅक हाय."

हे वाक्य मी आजवर सुपारीसारखं चघळतोय. पुढं संघ माझ्याकडं आला. तुम्ही दरसाल पोरं घेऊन येत राहिलात आणि मी दरसाल एक आखूड माणूस बॅकला, तुम्ही उभे राहायचात त्याच बाजूला उभा केला. कधी जिंकलो, कधी हरलो, पण उभा केलाच. तुमचे केस पांढरे होताना मी तिथून बघितले. आजारी पडलात तेव्हा निरोप आला होता, येऊन जा म्हणून. गाडी दारात होती. साताऱ्याला पोचायला अर्धा दिवस पुरला असता. मी नाही आलो. त्याचं वाईटही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तुम्हाला तुमच्याच तोंडानं हरवलं हे तोंडावर सांगायचं राहिलं, याचं मात्र वाटतं.

उद्या ते लोक पानं न्यायला येतील. त्यांना शिस्त, वक्तशीरपणा, लढाईच्या दिवसांतही चालू ठेवलेला फुटबॉल, असं दोन पानं गोड लिहून देईन. हे कागद माझ्याकडंच राहतील, कारण यात अजून एक गोष्ट घालायचीय, आणि ती छापून आली तर बाजारात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

वर मी आमचे दोन गोल तेवढे सांगितले, पण तो सामना दोन-शून्य झाला नव्हता. दोन-एक झाला. तो एक गोल भाईच्या बाजूनं गेला असं मी आयुष्यभर सांगत आलो. भाईनं स्वतःच तसं सांगितलं होतं, "माझ्या अंगावरनं गेला," म्हणून. गेला माझ्याच बाजूनं. शेवटची पाचेक मिनिटं राहिली होती आणि तुम्ही अचानक गप्प झालात. सगळं मैदान मला पेवासारखं वाटलं, दोर सुटलेल्या पेवासारखं. मनात आलं, आता उमगलं मास्तरांना. आता ते माझ्याकडं बघत असतील. आणि ते बघायला मी चेंडू सोडून मान वळवली, तसा तुमचा फॉरवर्ड माझ्या शेजारून निघून गेला.

तुम्ही बघत नव्हता. वहाण काढून, खाली बसून, तुम्ही पायातला काटा काढत होता.