गवताला काढा

४ जुलै १९७६, रविवार
धाकट्या जाऊबाईचे, कमलचे, हात परत उठले. मिरचीच्या वाफ्यात गाजरगवत उपटलं की कोपरापर्यंत लाल चट्टे. यंदाची मिरची तिचीच, हौसेनं लावलेली. हे म्हणाले, "तिला आता घरातच बसवा." ती भिंतीकडं तोंड करून रडली. काय करावं...

६ जुलै
नवल! परसात धने पेरून पंधरा दिवस झाले, एक उगवला न्हाई. यांच्या खोकल्याच्या काढ्याचा चोथा मी तिथंच टाकत आल्ते. अडुळशाचा. पण गाजरगवतही न्हाई तिथं! भोवती नुसतं रान माजलेलं. अन् जुना पुदिना मजेत.
म्हणजे बी अडतं, मूळ धरलेलं जगतं? तसं असंल तर मिरचीला...

११ जुलै, रविवार
आधीचं गवत मी अन् यांनी हाताला फडकी गुंडाळून काढलं. मंग अडुळसा आणायला गेले. औषधाचा पाला तोडताना हात जोडून झाडाला सांगायचं, कुणासाठी नेते ते, सासूबाईंची शिकवण. हात जोडले अन् जीभ अडली. मारायला नेते, असं देवाच्या झाडाला कसं सांगू? शेवटी म्हटलं, कमलच्या हातांसाठी नेते. खोटं न्हाई.
आठ तांब्यांचा एक तांब्या आटवला. कमल चुलीपाशी येऊन,
"अक्का, गवताला खोकला झाला काय?"
हे ओट्यावरून, "मंग मध बी घाला बराबर!"
हसून हसून मलाच ठसका.
अर्ध्या वाफ्यात ओतला, अर्धा वाफा तसाच ठेवला. घाईत कढतच ओतला. चार रोपांनी माना टाकल्या. चूक माझी.

२५ जुलै
बिनकाढ्याच्या अर्ध्यात गाजरगवत वीतभर. काढ्याच्या अर्ध्यात मोजून सात! मिरची टवटवीत. देवापुढं साखर ठेवली. हे दोनदा बघून आले. दुसऱ्यांदा येताना अडुळशाचा भारा घेऊन आले.

नागपंचमी
आज खणणं न्हाई, चिरणं न्हाई. कमल म्हणे, "ओतायचं न्हाई असं कुठं सांगितलंय?" राहिलेल्या अर्ध्यातलं गवत मी अन् यांनी कालच काढलेलं. तेव्हाच आटवून गार केलेला काढा तिनंच तिथं ओतला. नंतर दोन्ही हात माझ्या नाकापुढं. "बघा, एक चट्टा न्हाई!" मेंदी लावून घेतली, चार वर्षांनी.

८ ऑगस्ट, रविवार
शेजारीण विचारून गेली, आमच्या कपाशीला चालंल का. कोण जाणे. आमची अडुळशाची दोन्ही झुडपं बोडकी झाली. आता हे खोकले तर मी काय देऊ! कमलनं बांधाला अडुळशाच्या कांड्या लावल्यात.
दोन दिवस पाऊस थांबला न्हाई. सगळा काढा वाहून गेला असंल काय? पहाटेच कमल वाफ्याकडं गेल्ती, अजून परतली न्हाई. तिकडनं तिच्या ओव्या तेवढ्या ऐकू येऊन राह्यल्यात.