शुभाची नाळ परत आली

मार्गशीर्ष, दुसरा गुरुवार. भिंगार.

आज आलं : पूजेची फळं, साठ रुपये. शुभाच्या गोळ्या, त्यांचा आकडा लिहवत नाही. आणि पुण्याहून भाचीचं पार्सल. आत चांदीची डबी. मीच पाठवलेली, तशीच परत.

लेकीच्या, शुभाच्या, नसांवरचं आवरण झिजतंय. त्यामुळे पाय उचलत नाहीत. माझी भाची अश्विनी प्रयोगशाळेत मूळ पेशींपासून तसलं आवरण घालणाऱ्या पेशी वाढवते. मूळ पेशी नाळेत असतात असं मी पेपरात वाचलं. शुभाची वाळलेली नाळ सव्वीस वर्षं देवघरात डबीत जपली होती. दिली पाठवून. आधी विचारायचं तरी!

अश्विनी लिहिते, "आत्या, वाळलेल्या नाळेत जिवंत काही उरत नाही गं. आम्ही जिवंत पेशींना खाद्य घालून कित्येक आठवडे सांभाळतो, तेव्हा कुठे त्या नसांना जपणाऱ्या होतात. त्याही अजून काचेच्या ताटलीतच. माणसांना द्यायला वेळ आहे."

शुभा हसली. "आई, माझी नाळ पुण्याला जाऊन आली आणि मी अजून अंगणात नाही."

मीही हसले. मग डबी परत देवापुढे ठेवली. इतकी वर्षं मी काय जपत होते?

उद्या अश्विनीला पत्र टाकायचं. एवढंच लिहीन, वाळलेली चालत नाही हे कळलं. पण मी जिवंत आहे ना? माझ्या रक्तातून, कातडीतून काही घेता येईल का? उलट टपाली कळव.