राखलेला ठोका

कसबा पेठ, पुणे
१२ फेब्रुवारी २०२४

चि. तनयास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतेस आणि मी हो हो म्हणतो, त्यातलं निम्मं मला कळत नाही. चाळीस वर्षं तांबं ठोकून कानांचं जे व्हायचं ते झालं, म्हणून हे पत्र. तुझी आई म्हणते मोबाईलवर लिहा. तिला म्हटलं, एवढ्याशा अक्षरांवर बोटं टेकवायला मी सोनार नाही.

तू मागितलेला नमुन्याचा गडू परवा रवाना केला. एका ओळीत बावन्न ठोके आहेत, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. काठाखाली एक जागा रिकामी दिसेल, ती साहेबांना चूक म्हणून दाखवू नकोस. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. शेवटचा ठोका ज्याचं भांडं त्यानं मारायचा. तुझ्या रॉटरडॅमच्या साहेबांना म्हणावं, पुण्याला या आणि मारा. एक ते चार मात्र येऊ नका.

श्यामला हडपसरच्या एका गोदामात नोकरी मिळत होती. मी त्याला थांबवलं. दुकानातला तीस वर्षांचा जोडीदार, त्याच्याशिवाय दोन हजार गडू कसे व्हायचे? तुझ्या कंपनीची ऑर्डर आली तर दुकान राहील, नाही तर कुलूप.

तुझ्यासाठी केलेला हंडा आईनं चिंचेनं घासून ठेवला आहे. त्याचा शेवटचा ठोका तुझा. घर थाटशील तेव्हा ये.

आहे तो लोभ वाढवीत जा.
बाबांचे आशीर्वाद

रॉटरडॅम
९ जून २०२४

ती. बाबांस तनयाचा शि. सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. इथे प्रत्येक गोष्टीला मीटिंग, आणि मीटिंग कधी घ्यायची हे ठरवायलाही मीटिंग. गडू सगळ्यांना फार आवडला. एका बाईंनी तो खिडकीत ठेवून फोटो काढले. ऑर्डरचं अजून फायनल नाही, साहेब किमतीवर अडून बसलेत. श्यामकाकांना सांगा, थोडी कळ काढा.

तुम्ही कान तपासून घ्या. आईला गुडघ्याचं तेल पाठवते. लोभ आहे तसा राहू द्या.

आपली,
तनया

कसबा पेठ, पुणे
४ नोव्हेंबर २०२४

चि. तनयास आशीर्वाद.

तुझा चुलतभाऊ अभय दिवाळीला आला होता. हडपसरच्या त्याच्या कंपनीनं सगळ्यांना भेट दिली, ती त्यानं कौतुकानं माझ्यापुढे ठेवली. तांब्याचा गडू. खोक्यावर तुझ्या कंपनीचं नाव, खाली ‘हातानं घडवलेला’. ओळीत बावन्न ठोके, आणि काठाखाली एक जागा रिकामी. अभय म्हणाला, काका, तुमची ऑर्डर आली वाटतं, अभिनंदन. मी त्याला चकली दिली.

ऐक. आपले पूर्वज तांबं वितळवून, कुटून पत्रा करायचे. मग बोटीनं विलायतेचा तयार पत्रा आला. घरचे म्हणाले, बरं झालं, कष्ट वाचले. मग स्टील आलं आणि लोकांनी हंडे मोडीत घातले. मग प्लास्टिक. मग यंत्रावर गडू निघू लागले. दर वेळी हातातलं एक काम गेलं आणि दर वेळी आम्ही म्हटलं, ठोका तर आपल्याकडे आहे ना. तो या वेळी बोटीनं कुणी नेला नाही. तो मी स्वतः फडक्यात गुंडाळून तुला पाठवला.

तुला माहीत होतं का, एवढंच कळव. होय किंवा नाही. मीटिंग घेऊ नकोस.

बाबा

रॉटरडॅम
२० नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

होय.

नमुना कारखान्याला मीच पाठवला. तुम्ही आणि श्यामकाका महिन्याला साठ गडू करता, ते लोक दिवसाला हजार काढतात. मीटिंगमध्ये मी तुमचं नाव घेतलं होतं. कुणी हसलं नाही, फक्त किती महिने लागतील ते विचारलं. मग मी पुढचा मुद्दा घेतला. जूनमध्ये तुम्हाला लिहिलं तेव्हा साचा तयार होता. त्याच महिन्यात मला बढती मिळाली.

कारखान्यानं त्या रिकाम्या जागेबद्दल विचारलं होतं, चूक असेल तर भरून काढतो म्हणाले. मी लिहिलं, राहू द्या. मला वाटलं, तेवढी तरी आपल्या घरची खूण राहील. बाबा, मला खरंच तसं वाटलं होतं.

मार्चमध्ये येते. हंड्याचा ठोका मारायचाय. माझ्यावरचा लोभ काढून घेऊ नका.

तनया

कसबा पेठ, पुणे
१० डिसेंबर २०२४

चि. तनयास आशीर्वाद.

खरं लिहिलंस, तेवढं बरं केलंस. पण ती जागा म्हणजे नक्षी नव्हे. कुणीतरी येईल म्हणून ती रिकामी ठेवायची असते. तुझ्या गडवांवर येणार कोण? अभयचा गडू मी ऐरणीवर घेतला, म्हटलं एकाला तरी ठोका पडू दे. पत्रा इतका पातळ की हातोडी आरपार गेली.

गोदामातली जागा केव्हाच भरली. श्याम आता येरवड्याच्या एका सोसायटीच्या फाटकावर उभा असतो. येता-जाता लोक त्याला भैया म्हणतात. मला त्याच्याकडे जायचं धाडस होत नाही.

काल दुकान आवरत होतो. एक बाई आल्या, भाग्यश्री नाव सांगितलं, लेकीच्या घरासाठी हंडा हवा म्हणाल्या. दुकानात एकच उरला होता, आईनं चिंचेनं घासलेला. मी त्यांना आपली रीत सांगितली. त्यांनी पदर खोचला, हातोडी धरायची कशी ते नीट विचारून घेतलं आणि काठाखाली ठोका मारला. तुझी आई म्हणाली, आवाज अगदी खणखणीत आला. मला ऐकू आला नाही.

मार्चमध्ये घरी ये, जेवायला ये. दुकानात काही उरलेलं नाही.

लोभ आहे. वाढव म्हणत नाही.
बाबा